उजाडले, हे सांगायला हवे

मदिनेत सहरीच्या वेळी दोन अजान होत. पहिली हजरत बिलाल (रजि.) देत, रात्र सरण्याआधी. दुसरी हजरत इब्न उम्मे मक्तूम (रजि.) यांची, आणि ती होईपर्यंत खाण्यापिण्यास मुभा असे. हे दुसरे मुअज्जिन दृष्टिहीन होते. उजाडल्याचे लोक त्यांना सांगत, मग ते अजान देत. सूरह अबसमधील प्रसंग ज्यांच्यामुळे घडला ते हेच सहाबी. प्रेषित हजरत मुहम्मद (स.) मोहिमेवर बाहेर जात तेव्हा मदिनेची जबाबदारीही अनेकदा त्यांच्याकडे असे. पहाटेची खूण डोळ्यांनी कळते, त्यांना ती शब्दांत मिळे. पुढचे काम त्यांचे ते करीत.

मुंब्रा, कल्याण किंवा डोंबिवलीत संगणकासमोर बसलेल्या दृष्टिहीन मुलामुलींची आजची अडचण नेमकी हीच आहे. पडद्यावर काहीतरी घडते, पण घडले हे त्यांना कुणी सांगत नाही.

दृष्टिहीन व्यक्ती ‘स्क्रीन रीडर’ वापरते, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी प्रणाली. ‘जॉज’ विकत घ्यावी लागते. ‘एनव्हीडीए’ मोफत आहे. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या स्वतः दृष्टिहीन असलेल्या तरुणाने २००६ मध्ये तिचे काम सुरू केले. अँड्रॉइड फोनसाठी ‘टॉकबॅक’ आहे. माउसचा उपयोग नसतो, कारण बाण कुठे आहे ते दिसत नाही. सगळा कारभार कीबोर्डवर: टॅब दाबत पुढे जायचे, एंटर दाबून होकार द्यायचा.

या साधनाने काय होऊ शकते याचे उदाहरण आपल्या शेजारीच आहे. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची दृष्टी वयाच्या सहाव्या वर्षी गेली. दादरची कमला मेहता अंधशाळा, मुंबईचे सेंट झेवियर्स महाविद्यालय, मग दिल्लीचे जेएनयू असे त्यांचे शिक्षण झाले. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास त्यांनी ‘जॉज’वर पुस्तके ऐकून केला. २०१६ मध्ये यूपीएससीच्या निकालात त्या ७७३ व्या आल्या, पण दृष्टी नाही म्हणून रेल्वे लेखा सेवेत त्यांना घेतले नाही. पुढच्याच परीक्षेत १२४ वा क्रमांक मिळवून त्या आयएएस झाल्या आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये तिरुवनंतपुरमच्या उपजिल्हाधिकारी म्हणून रुजू झाल्या.

पुस्तकातला मजकूर मात्र जागचा हलत नाही. पंचाईत होते ती हलणाऱ्या पानांची. पूर्वी वेबपान छापील कागदासारखे असे. आता पानात जावास्क्रिप्टच्या आज्ञा असतात. जिल्हा निवडला की तालुक्यांची यादी आपोआप बदलते. ‘जमा करा’ दाबले की पान तेच राहते आणि वर लाल अक्षरांत चूक उमटते. डोळस माणसाला ती लाल ओळ लगेच दिसते. ऐकणाऱ्याला काहीच ऐकू येत नाही. तो पुन्हा एंटर दाबतो, पुन्हा शांतता. शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत संपत आलेली असते, म्हणून शेवटी कुणाचा तरी हात धरून तो सायबर कॅफेत जातो.

तिथे अनोळखी माणसाला आधार क्रमांक, पासवर्ड आणि फोनवर आलेला ओटीपी सांगावा लागतो. दुकानदार भला माणूस असेलही. पण स्वतःची अमानत स्वतःजवळ ठेवण्याची सोय डोळसांना आहे, ती यालाही हवी.

ही शांतता दूर करणे फार अवघड नाही, आणि ते करणारे हात आपल्याच घरांत आहेत. मुंब्रा-डोंबिवलीची कितीतरी मुले-मुली रोज ठाण्याला गाडी बदलून ऐरोली, महापेच्या कंपन्यांत अशीच पाने लिहायला जातात. पुढचे थोडे त्यांच्यासाठी.

स्क्रीन रीडर पानाचे चित्र पाहत नाही. ब्राउझर त्याला प्रत्येक वस्तूचे नाव आणि काम कळवतो: हे बटन, नाव ‘जमा करा’, ही चौकट, इथे जन्मतारीख. साध्या ‘डिव्ह’ला रंग देऊन त्यावर क्लिकची आज्ञा बसवली, तर ते बटनासारखे दिसते, पण ब्राउझरच्या लेखी तो नुसता मजकूर असतो. टॅब दाबत येणारा माणूस त्यावर थांबतच नाही. तिथे सरळ ‘बटन’ हाच टॅग वापरला तर अर्धे दुखणे जाते. चौकटीला तिचे ‘लेबल’ जोडावे. पानावर मध्येच छोटी खिडकी उघडत असेल तर कीबोर्डचा रोख तिच्यात न्यावा, एस्केप दाबल्यावर ती मिटावी आणि रोख पूर्वीच्या जागी परतावा. तारखेसाठी कॅलेंडर खुशाल द्यावे, पण तारीख टाइपही करता यावी.

आणि ती लाल ओळ? ती जिथे उमटणार तो भाग ‘एरिया-लाइव्ह’ म्हणून आधीच जाहीर करता येतो. मग तिथला मजकूर बदलला की स्क्रीन रीडर स्वतःहून वाचतो. ‘एरिया’चे हे नियम डब्ल्यूथ्रीसी या जागतिक संस्थेने २०१४ मध्ये पक्के केले. ‘उजाडले’ असे सांगणाऱ्या माणसाचे काम इथे एक छोटी सूचना करते. मात्र अतिरेक नको. ओटीपीचे उरलेले सेकंद एकेक करून ओरडणारे पान आणखी त्रासाचे, कारण त्या गोंगाटात आपण टाइप केलेला अंकही ऐकू येत नाही.

मराठी आणि उर्दू पानांचे दुखणे वेगळे आहे. एनव्हीडीएसोबत येणारा ‘ईस्पीक’ आवाज या दोन्ही भाषा वाचतो, पण मजकूर कोणत्या भाषेत आहे हे पानाने सांगायला हवे. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधले मराठी डोळ्यांना मराठी दिसते, कानाला निरर्थक इंग्रजी अक्षरे ऐकू येतात. नोटिशीचा फोटो काढून टाकला तर त्यात वाचण्याजोगे अक्षरच नसते. आपल्या अनेक संस्था सूचना अशाच फोटोंतून पाठवतात, हेही खरे.

कायदा आता स्पष्ट आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा डिजिटल सेवाही सुगम असाव्यात असे सांगतो. बँकेच्या केवायसीत कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करण्याची सक्ती होती. तिच्या विरोधात ॲसिड हल्ल्यातील पीडित आणि दृष्टिहीन वकील अमर जैन सर्वोच्च न्यायालयात गेले. ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा घटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला आणि २० निर्देश दिले.

आपल्या मशिदीच्या ट्रस्टचे, शाळेचे किंवा पतपेढीचे संकेतस्थळ असेल तर एक संध्याकाळ काढा. माउस बाजूला ठेवा, एनव्हीडीए सुरू करा, पडदा काळा करा आणि प्रवेशअर्ज जमा होईपर्यंत जाऊन पाहा. नंतर मोहल्ल्यातील एखाद्या दृष्टिहीन विद्यार्थ्याला तेच पान तपासायला बोलवा. त्याला कुठे अडते ते लिहून घ्या, आणि त्याचा मेहनताना सदक्याच्या पेटीतून नव्हे, संकेतस्थळाच्या खर्चातून द्या.