लाल तेल, काळी रिंग

केळापूर तालुक्यातल्या पांढरकवड्याला, महामार्गालगतच्या गॅरेजात ब्रेक ऑइल मागा; हातात पडेल ते डॉट ३ किंवा डॉट ४, ग्लायकॉलच्या जातीचं. नागपूर फ्लाइंग क्लबात ज्या सेस्ना १५२ वर शिकाऊ वैमानिक हात बसवतात, तिच्या ब्रेकमध्ये मात्र लाल खनिज तेल असतं. सील निवडायचं ते आधी तेल बघून, मग माप बघून.

लाल तेलाला नायट्राइल रबर मानवतं. मोटारीच्या ब्रेकमध्ये सहसा ईपीडीएम रबर असतं. दोन्ही रबरांच्या सील-रिंगा काळ्या, मापही तेच. नजरेला फरक कळत नाही. पण ईपीडीएम खनिज तेलात फुगतं, मऊ पडतं. मग पिस्टन अडकतो आणि पेडल सोडलं तरी चाक घासत राहतं. उलट, डॉट तेलात नायट्राइल खराब होतं.

फ्लुरोकार्बन रबराची महागडी रिंग उष्णता जास्त सोसते, थंडीत मात्र ताठरते. म्हणून ‘महाग ते चांगलं’ हा हिशेब इथे लावू नये. विमानाच्या पुस्तिकेतलाच पार्ट नंबर घ्यावा. बसवण्यापूर्वी रिंग त्याच लाल तेलात भिजवायची, खाचेत पीळ पडू द्यायचा नाही. नखाएवढा चराही गळतीला पुरतो.