मोटरहोमवर सॅटेलाइट रेडिओचा अँटेना बसवताय? आधी हे वाचा!

अमेरिकेत मोटरहोम घेऊन फिरणाऱ्या मित्रांनो, निर्जन रस्त्यावर एफएम विरून जातं, पण सिरियसएक्सएम हा सॅटेलाइट रेडिओ वाजत राहतो. अट एकच: अँटेना नीट बसलेला हवा.

📡 जागा: सिग्नल साधारण २.३ गिगाहर्ट्झचा असतो, त्याला आड काही चालत नाही. छतावरचा एसी आणि सोलर पॅनलपासून अँटेना दूर ठेवा. दक्षिणेकडचं आकाश मोकळं हवं, कारण भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर असतात.

🔩 पत्रा: कारसाठीच्या अँटेनाला चुंबक असतं. मोटरहोमचं छत बहुधा फायबरग्लास किंवा रबराचं, तिथे ते चिकटत नाही. छतावर पोलादी पत्रा चिकटवा आणि त्याच्या मधोमध अँटेना ठेवा. चुंबकाला पकड मिळते, शिवाय अँटेनाला खाली धातूचा पृष्ठभागही मिळतो.

🔌 केबल: शक्यतो नवं भोक पाडू नका. फ्रिजच्या छतावरच्या व्हेंटमधून केबल आत घ्या, मात्र फ्रिजच्या चिमणीच्या उष्णतेपासून लांब. केबल कापू नका, करकचून वाकवू नका.

💧 सीलंट: रबरी छतावर साधं सिलिकॉन नीट धरत नाही. त्या छतासाठीचंच लॅप सीलंट वापरा.

पक्कं चिकटवण्याआधी रेडिओ लावून सिग्नल तपासा. छतावर जपून चढा!