ऑगस्टमधले वुडवर्ड

डेट्रॉइट, ऑगस्ट

मिशिगन राज्यात २६ वर्षे किंवा त्याहून जुनी गाडी हौस म्हणून बाळगायची असेल, तर तिला 'ऐतिहासिक' नंबरप्लेट मिळते. प्लेट स्वस्त, पण अटी कडक. मेळावा, मिरवणूक, प्रदर्शन यांपुरतीच गाडी बाहेर काढायची. कामावर जायला किंवा किराणा आणायला नाही. मात्र या अटींत इथल्या आमदारांनी एक मोकळीक दिली : ऑगस्ट महिन्यात ही गाडी खुशाल कुठेही न्या. ऑगस्टच का, याचे उत्तर वुडवर्ड अॅव्हेन्यू नावाच्या रस्त्यावर मिळते.

वुडवर्ड डेट्रॉइट नदीकाठी सुरू होतो आणि वायव्येला पाँटियॅक शहरापर्यंत जातो. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी त्याच्या उत्तरेकडच्या सुमारे २५ किलोमीटरच्या पट्ट्यात जुन्या गाड्या संथपणे फिरत असतात. नाव 'वुडवर्ड ड्रीम क्रूझ'. १९९५ साली फर्नडेल या उपनगरात सॉकरच्या मैदानासाठी पैसे जमवायला हा प्रकार सुरू झाला. आज आयोजक ४० हजार गाड्या आणि दहा लाख माणसे असा हिशेब सांगतात. शर्यत नाही, बक्षीस नाही, तिकीटही नाही. लोक सकाळीच घडीच्या खुर्च्या टाकून फुटपाथ अडवतात आणि अंधार पडेपर्यंत गाड्या बघतात.

पहिल्यांदा जाणवतो तो वास. १९७५ पूर्वीच्या अमेरिकन गाड्यांना धूर स्वच्छ करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नव्हते, त्यामुळे अर्धवट जळालेल्या पेट्रोलचा वास रस्त्यावर दाटून राहतो. मग आवाज. सिग्नलला उभी असलेली मोठ्या इंजिनाची गाडी एकसुरात चालत नाही. अडखळत, धक्के देत चालते, आणि पायाखालचा फुटपाथ हलतो. शौकिनांना हे अडखळणेच प्रिय. एका पार्किंगमध्ये १९६८ सालची प्लिमथ रोडरनर बॉनेट उघडून उभी होती. आत डोकावलो तर साधे बाकासारखे आसन, कसली सजावट नाही. मालक सत्तरीचे. त्यांनी हॉर्न वाजवला : 'बीप बीप', कार्टूनमधल्या त्या पळणाऱ्या पक्ष्याचा. हे नाव आणि चित्र वापरायला प्लिमथने वॉर्नर ब्रदर्सला ५० हजार डॉलर मोजले होते. मग आजोबांनी मला वाकायला लावून इंजिनावर ठोकलेला क्रमांक दाखवला. तो गाडीच्या मूळ क्रमांकाशी जुळला, म्हणजे कारखान्यातून निघाली तेव्हाचेच इंजिन अजून आत आहे, तर गाडीची किंमत कुठच्या कुठे जाते. न जुळणाऱ्या गाडीचा मालक हा विषय आपणहून काढत नाही.

रोडरनर आतून इतकी साधी का, यात या सगळ्या प्रकरणाची गुरुकिल्ली आहे. ती ३,००० डॉलरच्या आत बसवायची होती. गिऱ्हाईक होता विशीतला, पगारदार, फारसे पैसे न साठवलेला पोरगा. त्याला गाडीत मऊ गादी नको होती, वेग हवा होता.

हे गिऱ्हाईक पहिल्यांदा हेरले पाँटियॅक कंपनीने. तिची मालक जनरल मोटर्स. मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांहून, म्हणजे ५.४ लिटरहून मोठे इंजिन घालायचे नाही, असा जनरल मोटर्सचा नियम होता. पाँटियॅकचे मुख्य अभियंता जॉन डीलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ च्या टेंपेस्ट गाडीत ६.४ लिटरचे इंजिन बसवले. (मारुती आल्टोचे ०.८ लिटरचे होते.) नियमाचे काय? नियम गाडीच्या मूळ रूपाला होता. त्यांनी मोठे इंजिन सुमारे ३०० डॉलर जादा देऊन घ्यायची ऐच्छिक सोय म्हणून यादीत घातले आणि तिला जीटीओ नाव दिले. ५,००० गाड्या खपतील असा अंदाज होता, पहिल्या वर्षी ३२ हजारांवर खपल्या. वरिष्ठांची तोंडे आपोआप बंद झाली.

त्याच १९६४ च्या १७ एप्रिलला न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात फोर्डने मस्टँग दाखवली. किंमत २,३६८ डॉलर. पहिल्याच दिवशी २२ हजार गाड्यांची मागणी नोंदली गेली. दोन्ही गाड्या त्याच साली याव्यात यात नवल नव्हते. महायुद्धावरून परतलेल्या सैनिकांची पहिली मुले १९४६ साली जन्मली आणि १९६४ मध्ये अठरा वर्षांची झाली. कारखान्यात काम मिळत होते, पगार बरा होता, पेट्रोल स्वस्त होते, आणि देशभर नवे महामार्ग होत होते.

वुडवर्डवर ही पोरे रात्री एका सिग्नलपासून दुसऱ्या सिग्नलपर्यंत पैज लावून गाड्या पळवत. मौज अशी की कंपन्यांचे अभियंतेही नव्या गाड्या घेऊन तिथेच येत. रॉयल ओक या उपनगरातला एक पाँटियॅक विक्रेता तर जीटीओ आणखी वेगवान करून देण्यासाठी देशभर प्रसिद्ध होता. मग कंपन्यांमध्येच चढाओढ लागली. १९७० च्या शेव्हरले शेव्हेलमध्ये ७.४ लिटरचे, कागदोपत्री ४५० अश्वशक्तीचे इंजिन मिळू लागले. ब्रेक आणि टायर मात्र त्या काळचेच होते.

शेवट झटपट झाला. विमा कंपन्यांनी तरुण चालकांचे हप्ते इतके वाढवले की गाडी परवडली तरी विमा परवडेना. १९७० मध्ये हवा शुद्ध ठेवण्याचा कायदा आला, १९७१ पासून इंजिनांची ताकद उतरू लागली, १९७३ च्या ऑक्टोबरमध्ये अरब देशांनी तेल रोखले आणि पुढच्या वर्षी साऱ्या देशात ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा लागू झाली. जेमतेम दहा वर्षांचा हा खेळ.

त्या दहा वर्षांची आज काय किंमत आहे? 'बुलिट' चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीनने चालवलेली हिरवी मस्टँग २०२० च्या जानेवारीत लिलावात ३० लाख डॉलरच्या वर गेली. ती चित्रपटातली म्हणून सोडून देऊ. पण १९७० ची एक काळी डॉज चॅलेंजर आहे, 'ब्लॅक घोस्ट' म्हणून ओळखली जाणारी. (डॉज हे नाव मुंबईला जुने, वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्यात क्रायस्लरच्या परवान्याने डॉज जोडल्या होत्या.) ही गाडी रात्री डेट्रॉइटच्या रस्त्यांवर अचानक उगवायची, शर्यत जिंकायची आणि नाहीशी व्हायची. तिचा मालक डेट्रॉइट पोलीस दलातला एक कृष्णवर्णीय शिपाई होता. त्यामुळे तोंडाला कुलूप. त्याच्या मृत्यूनंतर, २०२३ मध्ये, दलालीसकट दहा लाख डॉलरहून अधिक रकमेला ती विकली गेली. पोलिसाच्या पगारात घेतलेली गाडी आज कुठल्याही पोलिसाला घेता येणार नाही.

इकडे मूळ कंपन्याही थांबल्या. पाँटियॅक २०१० मध्ये बंद झाली. डॉजने जुन्या धर्तीच्या चॅलेंजर आणि चार्जर २०२३ च्या अखेरीस थांबवल्या, शेव्हरलेची कॅमेरोही तेव्हाच गेली. डॉजने मग विजेवरची चार्जर आणली आणि तिला गुरगुरण्याचा कृत्रिम आवाज बसवला. वुडवर्डच्या आजोबांपुढे त्या गाडीचे नाव काढून पाहा, दहा मिनिटे ऐकून घ्यावे लागेल. मस्टँग तेवढी डेट्रॉइटच्या दक्षिणेला फ्लॅट रॉकमध्ये अजून तयार होते.

या भागात मराठी माणसे बरीच आहेत. ट्रॉय, नोव्हाय, ऑबर्न हिल्सकडे राहणारे, गाडी कंपन्यांत आणि त्यांच्या पुरवठादारांकडे काम करणारे अभियंते. क्रूझला तेही मुलाबाळांना घेऊन जातात. पण क्रूझ फर्नडेलला, म्हणजे एट माइल रोडवर, संपते. तिथून दक्षिणेला खुद्द डेट्रॉइट लागते. १९५० साली साडेअठरा लाख वस्तीचे हे शहर २०२० च्या जनगणनेत साडेसहा लाखांच्याही खाली आले होते. त्याच्या नावाने मिरवणारा सोहळा त्याच्या वेशीवरूनच माघारी वळतो.

इथल्या वर्तमानपत्रांत या हौसेला यंत्रप्रेम म्हणतात. मला ते अपुरे वाटते. इंजिनाचा क्रमांक दाखवणारा आजोबा त्या काळाचा पुरावाही दाखवत असतो, जेव्हा कारखान्यातला पोरगा स्वतःच्या पगारावर देशातली सर्वांत वेगवान गाडी घेऊ शकत होता. तो काळ लिलावात मिळत नाही.

तेव्हा ऑगस्टमध्ये इकडे येणार असाल तर तिसरा शनिवार जरूर गाठा, पण फर्नडेलवरून परतू नका. वुडवर्डवरच दक्षिणेला पाचेक किलोमीटर गेले की हायलँड पार्कला हेन्री फोर्डच्या जुन्या कारखान्याच्या इमारती दिसतात. १९१३ मध्ये गाड्या जोडण्याची सरकती साखळी तिथे सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी कामगाराला दिवसाला पाच डॉलर मिळू लागले. गाड्या पाहून झाल्यावर ती जागाही पाहून या.