रिपोर्टवरचे 'प्लस' काय सांगतात?

आमच्या बचत गटाच्या बैठकीत हल्ली पासबुकांबरोबर एखादा तरी लघवीचा रिपोर्ट निघतोच. "ताई, बघा ना, पस सेल्स आठ-दहा आल्यात!" मग कुणी शेजारणीकडची उरलेली गोळी घेते, तर कुणी कागद गादीखाली सारते. मैत्रिणींनो, दोन्ही नको.

आधी नमुना नीट द्यायला हवा. डबी हातात आली की आपण पहिलीच धार धरतो. त्यात अंगावरचं पांढरं, त्वचेच्या पेशी, सगळंच उतरतं. जागा साध्या पाण्याने धुवावी, पहिली धार सोडून मधली धरावी आणि डबी तासाभरात लॅबमध्ये द्यावी. पाळी चालू असेल तर सांगावं. रिपोर्टमध्ये 'एपिथेलियल सेल्स' खूप असतील, तर बहुधा नमुनाच बिघडलेला असतो.

पस सेल्स साधारण 5 पर्यंत चालतात. जास्त आल्या आणि जळजळ, ताप असेल तर जंतुसंसर्गाची शक्यता. त्रास काहीच नसेल तर मनाने अँटिबायोटिक घेऊ नये. गरोदर बाईने मात्र डॉक्टरांना दाखवावंच. कीटोन कडक उपवासानेही दिसतात, पण मधुमेह असेल आणि उलट्या होत असतील तर लगेच दवाखाना गाठावा. साखर दिसली तर रक्त तपासावं. मधुमेहाच्या काही गोळ्यांनीही लघवीत साखर येते, म्हणून चालू औषधं सांगावीत. पाळी नसताना रक्त दिसलं, तर दुखत नसलं तरी अंगावर काढू नये.

सगळ्यात जपायचं ते अल्ब्युमिनला, म्हणजे प्रथिनांना. तापात, अतिश्रमाने ती थोडी जातात. पण पुन्हा तपासूनही आली तर मूत्रपिंडाची तपासणी हवी. मधुमेह, रक्तदाब असलेल्यांनी तर नक्कीच.

आमच्या वस्तीतल्या एका गरोदर सुनेला अल्ब्युमिन 2 प्लस आलं. पाय सुजलेले, डोकं दुखतंय. सासूबाई म्हणाल्या, "या दिवसांत सुजतातच पाय." नर्सबाईंनी रक्तदाब मोजला तर 160/100! त्याच दिवशी तिला दवाखान्यात हलवलं, म्हणून बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली. पाचव्या महिन्यानंतर अल्ब्युमिन, वाढता रक्तदाब, डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर उद्यावर ढकलू नका.

घरातल्या सगळ्यांचे कागद आपणच जपून ठेवतो ना? मग त्यात आपलीही एक फाईल असू द्या, आणि डॉक्टरांकडे जाताना ती आठवणीने न्या.