अनुमानित करआकारणी आणि ग्रामीण बाजारपेठेतील लघुव्यावसायिक : जवळा बाजारच्या संदर्भात

प्रस्तावना :
हिंगोली जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यातील जवळा बाजार हे परिसरातील खेड्यांचे व्यापारी केंद्र होय. अशा गावी किराणा, कापड किंवा खते-बियाण्यांचे दुकान चालविणाऱ्यास प्रत्येक खर्चाची पावती जपणे अवघड जाते. उलाढालीच्या ठरावीक टक्केवारीस नफा मानून ही अडचण दूर करणारी पद्धत म्हणजे अनुमानित करआकारणी होय.

स्वरूप :
१९९२ मध्ये लहान किरकोळ विक्रेत्यांसाठी १,४०० रुपयांच्या ठोक कराची योजना आली. १९९४ मध्ये बांधकाम व्यवसायासाठी आलेले कलम ४४ एडी २००९ च्या दुरुस्तीने बहुतेक व्यवसायांना खुले झाले. रोख विक्रीवर ८ टक्के, तर बँक वा यूपीआयद्वारे मिळालेल्या रकमेवर ६ टक्के नफा गृहीत धरला जातो. उलाढालीची मर्यादा २ कोटी रुपये असून रोख जमा ५ टक्क्यांहून अधिक नसल्यास ती ३ कोटी आहे. १ एप्रिल २०२६ पासूनच्या आयकर अधिनियम, २०२५ मध्ये ही तरतूद कलम ५८ मध्ये समाविष्ट आहे.

उदाहरण :
एका दुकानदाराची उलाढाल २ कोटी रुपये आहे व अन्य उत्पन्न नाही, असे मानू. सर्व विक्री डिजिटल असल्यास गृहीत नफा १२ लाख होतो. २०२५-२६ च्या नवीन करप्रणालीनुसार सवलतीमुळे त्यावर कर शून्य येतो. तीच विक्री रोखीने झाल्यास नफा १६ लाख व उपकरासह कर १,२४,८०० रुपये होतो. म्हणजेच ग्राहक पैसे कसे देतो, यावर कर अवलंबून राहतो.

मर्यादा :
दलाली व कमिशनच्या उत्पन्नास ही योजना लागू नाही. त्यामुळे बाजार समितीतील आडत्यास तिचा लाभ मिळत नाही. कमी नफ्यावर माल विकणाऱ्याचा प्रश्न वेगळा आहे. प्रत्यक्ष नफा ३ टक्के असला तरी गणना ६ किंवा ८ टक्क्यांनीच होते. योजना स्वीकारल्यावर पाच वर्षांच्या आत सोडल्यास पुढील पाच वर्षे ती घेता येत नाही. उत्पन्न करमुक्त मर्यादेहून अधिक असल्यास लेखापरीक्षणही बंधनकारक ठरते.

निष्कर्ष :
ही योजना हिशेबाचा भार हलका करते. परंतु नफ्याचे प्रमाण सर्व व्यवसायांत समान नसते. म्हणून व्यवसायनिहाय दर ठरविणे अधिक न्याय्य ठरेल. दुकानदारानेही योजना स्वीकारण्यापूर्वी आपला खरा नफा मोजून पाहणे हिताचे आहे.