विवेक, भावना आणि 'स्वेच्छेचा' करार

राज्यसंस्थेचे कार्य जीवित, मालमत्ता व करार यांच्या रक्षणापुरतेच असावे, असे मानणाऱ्या पाश्चात्त्य विचारधारेस 'लिबर्टेरियन' म्हणतात. ही विचारधारा भावनाशून्य, हिशेबी मनुष्य गृहीत धरते, असा आक्षेप वारंवार घेतला जातो. तो सरसकट मान्य करता येत नाही.

लुडविग फॉन मीझेस यांचा 'ह्यूमन ॲक्शन' हा ग्रंथ १९४९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या मते प्रत्येक कृतीच्या मुळाशी अस्वस्थता असते. ती दूर करण्यासाठी मनुष्य साधने योजतो आणि असे योजणे हाच विवेक होय. क्रोधाच्या भरात केलेली कृतीही या अर्थाने विवेकयुक्तच ठरते. क्रोधामुळे साध्य अधिक मोलाचे व त्याची किंमत हलकी वाटू लागते, इतकेच. अंतिम साध्यांना मात्र विवेकी वा अविवेकी ही विशेषणे लावता येत नाहीत. म्हणजे भावना येथे नाकारलेली नाही. ती परीक्षेच्या कक्षेबाहेर ठेवली आहे. हायेक यांनी तर बुद्धीच्याच मर्यादा दाखवल्या. (आयन रँड भावनेला ज्ञानाचे साधन मानीत नसत, पण लिबर्टेरियन हे नाव त्यांनी स्वतःच झिडकारले होते.)

परंतु प्रत्येक कृती विवेकयुक्त ठरली की भुकेच्या भीतीने पत्करलेली मजुरी आणि शांतपणे विचार करून पत्करलेली मजुरी यांत भेद कसा करावयाचा? रॉबर्ट नोझिक यांनी १९७४ मध्ये 'ॲनार्की, स्टेट अँड युटोपिया' या ग्रंथात याचे उत्तर दिले: एखाद्यापुढे काम किंवा उपासमार एवढेच पर्याय उरले, तरी इतरांनी आपापल्या हक्कांच्या मर्यादेत राहून ते मर्यादित केले असल्यास त्याची निवड ऐच्छिकच होय. उत्तर तर्कशुद्ध आहे. मात्र ते पर्याय कोणी व कसे घटवले एवढेच पाहते, निवडणाऱ्याच्या मनातील भय पाहत नाही. शिवाय पूर्वीच्या अन्यायाने मिळवलेल्या मालमत्तेचे परिमार्जन व्हावे, हे तत्त्व नोझिक यांनीच मांडले आहे, आणि ते कसे करावे याचा तपशील मोकळा सोडला आहे. ज्यांच्या पूर्वजांना मालमत्ता धारण करण्याचीच मनाई होती, त्यांच्या दृष्टीने हा तपशील गौण नव्हे.

पुढे १९८९ मधील 'द एक्झामिन्ड लाइफ' या ग्रंथात नोझिक यांनी आपली पूर्वीची भूमिका गंभीररीत्या अपुरी असल्याचे लिहिले. माणुसकीच्या जाणिवांना व समाजाने एकत्रितपणे केलेल्या कार्याच्या प्रतीकात्मक अर्थाला तीत पुरेसे स्थान नव्हते, असे कारण त्यांनी दिले. तथापि त्यांनी ती विचारधारा सर्वस्वी सोडली, असे म्हणणे बरोबर नाही. मृत्यूपूर्वी, २००१ मध्ये, त्यांनी स्वतःच तसे स्पष्ट केले होते.