अंदमानला केव्हा जावे?

सहलीला कोठे जायचे हे आमच्या घरात पाच मिनिटांत ठरते. केव्हा जायचे हे ठरायला मात्र वर्षे लागतात. अंदमानचे नेमके असेच झाले. आईला सेल्युलर जेलमधील सावरकरांची कोठडी पाहायची होती. ‘माझी जन्मठेप’ तिने शाळकरी वयात आपल्या वडिलांना मोठ्याने वाचून दाखवली होती. तेव्हापासूनची तिची ही इच्छा. हट्ट म्हणावा असा आयुष्यात तिने हा एवढाच धरला.

मास्तराच्या घरात सुट्ट्या दोनच, दिवाळीची आणि मे महिन्याची. मे महिना उकाड्याचा म्हणून आम्ही दिवाळीची निवडली. प्रवासी कंपनीच्या पत्रकावर ‘बारमाही पर्यटन’ असे ठळक अक्षरांत छापले होते. ‘बारमाही’ हा शब्द मी आजवर नदीला आणि विहिरीला लावायला शिकवीत आलो. तो आभाळातल्या पाण्यालाही लागू शकतो, हे तेव्हा काही सुचले नाही!

पाचांपैकी चार दिवस पाऊस कोसळत होता. दर्या खवळलेला म्हणून स्वराजद्वीपाची, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकची, बोट सलग दोन दिवस रद्द झाली. तुरुंग पाहायला गेलो तेही छत्र्या सांभाळीत. सावरकरांची कोठडी सर्वांत वरच्या मजल्यावर आणि जिने ओलेचिंब. अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई पहिल्या पायरीशी थांबली, वर पाहिले आणि म्हणाली, “तुम्ही जाऊन या. मी बसते इथंच.” आम्ही गेलो, पाहिले, उतरलो. परतीच्या विमानात त्या विषयावर कोणीच बोलले नाही.

घरी आल्यावर मात्र मी इरेला पेटलो. प्रवासाआधी करायचा अभ्यास प्रवासानंतर केला, आणि कळले ते असे. आपण महाराष्ट्रातली माणसे पावसाचे चार महिने धरून चालतो. अंदमानला दोन पाऊस आहेत. नैऋत्य मोसमी वारे केरळात पोचतात सुमारे १ जूनला. अंदमानात ते मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारासच हजर होतात. तो पाऊस सरतो न सरतो तोच ईशान्येचे वारे सुरू होतात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात, कधी डिसेंबरातही, पुन्हा झोडपून काढतात. वर्षाचा पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरात, म्हणजे आमच्या पुण्याच्या चौपट! शिवाय बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळांचे दिवसही हेच, एकदा मेच्या आसपास आणि एकदा ऑक्टोबर ते डिसेंबर. २०१३ च्या नोव्हेंबरात ‘लेहर’ वादळ अंदमानावरूनच पुढे गेले. २०१६ च्या डिसेंबरात हॅवलॉक आणि नील या बेटांवर हजाराहून अधिक प्रवासी अडकले आणि नौदलाला धावून जावे लागले. थोडक्यात, आपल्या शाळांच्या ज्या दोन सुट्ट्या, त्याच तिथल्या समुद्राच्या रागाच्या दोन वेळा.

मग उरते काय? जानेवारी ते एप्रिल. त्यातही आपला माघ-फाल्गुन, म्हणजे फेब्रुवारी आणि मार्च, सर्वांत कोरडा. समुद्र शांत, पाणी नितळ. काचेच्या तळाच्या होडीतून प्रवाळ पाहायचे तर हेच दिवस. नाताळची गर्दी ओसरलेली असते. थंडीची काळजी नकोच. तेथे स्वेटर बाराही महिने पेटीतच राहतो. एक मात्र ध्यानात ठेवावे. ही बेटे फार पूर्वेला आणि घड्याळ आपलेच, त्यामुळे हिवाळ्यात सायंकाळी पाच-साडेपाचलाच सूर्य बुडतो. जे पाहायचे ते सकाळी लवकर निघून पाहावे.

ज्ञान झाले, पण योग येईना. पहिला फेब्रुवारी माझ्या परीक्षांनी खाल्ला, दुसरा आईच्या मोतीबिंदूने. तिसऱ्या वर्षी सौ.नेच बजावले, “शाळा दरवर्षी भरणार आहे. आईंचे गुडघे दरवर्षी असे राहणार नाहीत.” मुलगी नववीत, तिचे आठ दिवस बुडवले. मी प्राचार्यांपुढे रजेचा अर्ज ठेवला आणि कारणाच्या जागी खरे तेच लिहिले. त्यांनी वाचले, काही न बोलता सही केली.

श्री विजयपुरमला (पोर्ट ब्लेअरचे हे नाव २०२४ सालापासूनचे) उतरलो तेव्हा आभाळ धुतल्यासारखे निळे होते. दुसऱ्या दिवशी सकाळीच तुरुंग गाठला. १९०६ साली पुऱ्या झालेल्या या इमारतीचे सात पंख होते. आज तीन उभे आहेत. कोरड्या, स्वच्छ जिन्यावरून ऐंशी वर्षांची आई नातीच्या खांद्यावर हात टेकून एकेक पायरी चढली. तीनदा बसली. वर पोचायला चांगली पंचवीस मिनिटे लागली.

कोठडीत ती भिंतीला हात लावून उभी राहिली. बऱ्याच वेळाने तिने विचारले, “त्यांना इथं कुठल्या महिन्यात आणलं होतं रे?”

“जुलैत. १९११ सालच्या ४ जुलैला.”

“म्हणजे ऐन पावसात,” ती म्हणाली, आणि गजांतून बाहेर पाहत राहिली.

मी गप्प राहिलो. सोयीचा महिना शोधण्यात तीन वर्षे घालवली, याची त्या जागी थोडी लाज वाटली खरी. पण उतरताना आई जिन्यात थांबली, दम घेतला आणि नातीला म्हणाली, “बरं झालं हो आत्ता आलो. पुढच्या वर्षी काही जमलं नसतं.”

तेव्हा वाचकहो, अंदमानला जायचे तर फेब्रुवारीत जा. आणि घरात कोणी म्हातारे माणूस वाट पाहत असेल, तर येत्याच फेब्रुवारीत जा.